दोन इंधनांवरील जुन्या मोटारींतील व्हॅक्यूमचे दोष

कार्ब्युरेटरची जुनी मोटार पेट्रोल व गॅस अशा दोन्ही इंधनांवर चालविण्याची सोय काटकसरीची खरी. कुर्ल्यास तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या कितीएक टॅक्सी मुंबईंत सीएनजीवर वर्षानुवर्षें धांवल्या. परंतु अशी गाडी उभी असतां थरथरूं लागली, कीं सारा दोष गॅसच्या माथीं मारला जातो. किटचे स्क्रू फिरविण्यांत पैसा जातो आणि मूळ बिघाड तसाच राहून अखेरीस व्हॉल्व्ह जळतात. हें नुकसान टाळण्याची सोपी रीत आम्ही येथें देत आहों.

दट्ट्या खालीं जातांना हवा ओढतो. मंद चालीवर थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असल्यामुळें मॅनिफोल्डमध्यें हवा विरळ होते. यासच व्हॅक्यूम म्हणतात. मापकाची नळी मॅनिफोल्डास जोडली असतां निरोगी इंजिनाचा कांटा समुद्रकांठीं साधारणतः १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर राहतो. दर हजार फूट उंचीस सुमारें एक इंच वजा करावा. म्हणून पुण्यास दोनएक व महाबळेश्वरास चार-साडेचार इंच कमी दिसल्यास भिण्याचें कारण नाहीं.

इंजिन पुरतें तापल्यावर प्रथम पेट्रोलवर व मग गॅसवर, चाल सारखी ठेवून, कांटा पाहावा. दोष दोहोंवर दिसला तर तो बहुधा इंजिनाचा. एकावरच दिसला तर त्या इंधनाच्या साधनांचा. अपवाद एक आहे. गॅस पेटविण्यास ठिणगी अधिक जोरदार लागते. त्यामुळें झिजलेले प्लग प्रथम गॅसवरच उघडे पडतात. यास्तव रिड्यूसर किंवा मिक्सर यांस हात लावण्यापूर्वीं प्लग तपासावे.

कांटा स्थिर पण खालीं असेल, तर ठिणगी उशिरा पडते किंवा पॅकिंगमधून अथवा तडकलेल्या रबरी नळींतून बाहेरची हवा शिरते. मॅनिफोल्डास जोडलेल्या नळ्या एकेक चिमटून पाहाव्या. चाल सुधारली, तर गळती त्या नळीपलीकडे आहे. कांटा ठराविक अंतरानें झटके देत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीं. कांटा सावकाश वरखालीं डोलत असेल, तर मिश्रण बिघडलें असावें.

व्हॉल्व्हची विशेष काळजी घ्यावी. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशांत २००० सालीं बंद झालें. त्यांतील शिसें व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज रोखीत असे. कोरड्या गॅसवर जुन्या इंजिनाच्या नरम बैठका लवकर खचतात, टॅपेटची फट कमी होते आणि व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं. म्हणून ही फट वेळोवेळीं मोजावी.

गॅसचे सांधे साबणाच्या पाण्यानेंच तपासावे. ज्योत कदापि जवळ नेऊं नये. रिड्यूसर व टाकी यांची दुरुस्ती अधिकृत कारागिराकडूनच करवावी. गाडी सुस्थितींत असतांनाच दोन्ही इंधनांवरील आंकडे वहींत टिपून ठेवावे, म्हणजे पुढें बिघाड झाल्यास तुलना करण्यास तेच उपयोगीं पडतील.