उंच हवेंतील भोंवरा

मोठा पाऊस म्हटला कीं समुद्रावरून घोंगावत येणारें वादळच डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु कित्येकदां संकटाचें मूळ जमिनीपासून ५ ते ९ किलोमीटर उंच असतें, आणि खालच्या वायुभारमापकाला त्याची गंधवार्ताही नसते.

समशीतोष्ण कटिबंधाच्या आकाशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक प्रचंड प्रवाह वाहत असतो. नदीचें एखादें वळण मूळ पात्रापासून तुटून त्याचा डोह व्हावा, तसें या प्रवाहाचेंही वळण कधीं कधीं तुटतें, आणि थंड हवेचा एक भोंवरा मागें एकटाच राहतो. मुख्य प्रवाहाची ओढ सुटल्यामुळें तो कित्येक दिवस एकाच प्रदेशावर रेंगाळतो. त्याच्या खालीं उबदार व दमट हवा असली, तर ती वेगानें वर चढून मेघगर्जनेसह मुसळधार वृष्टि होते.

हा भोंवरा पाहावा कसा? ढग नसतील तेथें साधें छायाचित्र मुकें असतें. पण हवेंतील बाष्प डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण सोडीत असतें, आणि ते टिपतां येतात. सन १९७७ मध्यें युरोपनें सोडलेल्या पहिल्या मेटिओसॅट उपग्रहावर तशी सोय होती. विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरून तो पृथ्वीच्या गतीशीं जुळवून घेऊन फिरे; म्हणून एकाच ठिकाणीं टांगल्यासारखा भासे. अशा चित्रांत उंचावरील दमट हवा पांढुरकी व कोरडी हवा काळसर दिसते. भोंवऱ्याच्या कडेनें वरची कोरडी हवा खालीं उतरते आणि तिचा काळा पट्टा शंखाच्या वळशासारखा गुंडाळला जातो. आज अशीं चित्रें दर १५ मिनिटांनीं किंवा त्याहूनही लवकर मिळतात. तीं ओळीनें लावलीं कीं भोंवरा कोणीकडे व किती वेगानें सरकतो, तें कळतें.

ता. २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं दक्षिण स्पेनच्या आकाशांत असाच भोंवरा होता. भूमध्य समुद्रावरील उबदार, दमट वारा त्याच्यामुळें पूर्व किनाऱ्याच्या व्हॅलेन्सिया प्रांतांतील डोंगरांकडे ओढला गेला. तूरिस गांवीं एका दिवसांत ७७१ मिलिमीटर पाऊस झाला; त्यापैकीं १८४ मिलिमीटर एका तासांत. हवामानखात्यानें कांहीं दिवस आधींच चाहूल दिली होती, आणि त्या सकाळीं लाल इशाराही दिला होता. लोकांच्या मोबाइल फोनवर धोक्याची सूचना मात्र रात्रीं ८ वाजल्यानंतर पोंचली. तोंपर्यंत पाइपोर्ता गांवांत पूर शिरला होता. वस्तुतः तेथें पाऊस जवळजवळ नव्हताच, पाणी वरच्या अंगाच्या ओढ्यानें आणलें. त्या संकटांत स्पेनमध्यें २२० हून अधिक माणसें दगावलीं.

यावरून उपग्रहाचें सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. बाष्पाचें चित्र वरच्या थराचें. खालच्या थरांतील दमटपणा त्यांत बहुधा दिसत नाहीं. त्यासाठीं फुगे, रडार व पर्जन्यमापक लागतात. आणि कोणता ओढा किती फुगला, हें तर ओढ्याच्या काठींच मोजावें लागतें. भोंवरा दिसला एवढ्यानें कोणाचा जीव वाचत नाहीं. ती वार्ता काठावरच्या घरापर्यंत वेळेवर पोंचली, तरच ३६,००० किलोमीटरांवरच्या त्या डोळ्याचें पाहणें सार्थकीं लागतें.