पणजोबांचा धंदा कागदावर शोधा

गिऱ्हाईकाकडची बाकी बापापासून लेकापर्यंत तोंडपाठ सांगणारे आमचे व्यापारी बंधू स्वतःच्या पणजोबांचे नाव विचारले की थबकतात. दादांचे नाव सर्वांना ठाऊक असते. परदादांपाशी आले की गाडी अडते. "ते फार पूर्वी इकडे आले," एवढेच सांगता येते. कोठून आले, कधी आले, काय करीत होते, यांची उत्तरे घरातल्या एखाद्या ऐंशी वर्षांच्या फुफीला माहीत असतात, आणि तिला कोणी विचारीत नाही.

हा केवळ हौसेचा विषय आहे असे समजू नये. मुलाच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला काढायचा असो, वडिलोपार्जित घराची वारस नोंद करायची असो, किंवा भावाभावांत वाटणी करायची असो, शेवटी गाडी पणजोबांच्या कागदावर येऊन थांबते. ऐनवेळी धावाधाव करण्यापेक्षा सवड असताना हे काम हाती घेणे शहाणपणाचे, असे आम्हांस वाटते.

गोष्ट खरी, पण कोणाची?

मालेगाव, भिवंडी आणि मुंबईच्या मदनपुऱ्यातील विणकर घराण्यांत एक गोष्ट हमखास ऐकू येते. "आमचे परदादा सत्तावन्नच्या गदरनंतर बनारसकडून आले." या गोष्टीला इतिहासाचा आधार आहे. बनारस, मऊ, मुबारकपूर, आझमगड या भागांतील विणकर १८५७ च्या उठावानंतर आणि १८६२ च्या सुमारास पडलेल्या दुष्काळानंतर आग्रा रोडने दक्षिणेकडे आले. विलायती गिरण्यांच्या स्वस्त कापडाने हातमागाचा धंदा आधीच मोडकळीस आणला होता. मालेगावला माग उभे राहिले ते या लोकांच्या हातांनी.

पण हिशेब करून पाहावा. आज पन्नाशीत असलेला मागवाला १९७५ च्या आसपास जन्मलेला. एक पिढी तीस वर्षांची धरली तर त्याचे वडील १९४५ चे, दादा १९१५ चे आणि परदादा १८८५ चे. म्हणजे सत्तावन्न साली परदादांचा जन्मही झालेला नव्हता, आणि त्यांचे वडील फार तर पाळण्यात असतील. तेव्हा जो माणूस चालत आला तो परदादांचा दादा असला पाहिजे. किंवा माणूस परदादाच असतील, पण ते सत्तावन्नला नव्हे तर १८९६-९७ किंवा १८९९-१९०० च्या दुष्काळात लहानपणी आले असतील. घरात सांगताना मधल्या दोन पिढ्या गळून जातात आणि सर्व गोष्टी एकाच परदादांच्या नावावर जमा होतात.

म्हणून गोष्ट टाकून देऊ नये, तिला तारखेच्या खुंटीला अडकवावी. "प्लेगात घर सोडले" असे दादी म्हणत असेल तर मुंबईत प्लेग १८९६ च्या सप्टेंबरात सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात पसरला. "बुखारात एका घरातून तीन जनाजे निघाले" असे ऐकले असेल तर ती १९१८ ची साथ असण्याचा संभव मोठा. "निजामाचे राज्य गेले तेव्हा" म्हणजे सप्टेंबर १९४८. अशा चार-पाच खुंट्या मिळाल्या की कोणत्या सालची नोंदवही उघडायची ते कळते.

नाव बदलते, धंदा टिकतो

कचेरीत गेल्यावर पहिली अडचण नावाची. आमच्या वाडवडिलांना आडनाव असे नव्हतेच. "इमाम वल्द हुसेन" एवढी ओळख पुरत असे. पुढे शाळेच्या मास्तरांनी कोणाला शेख केले, कोणी गावावरून "कर" लावले, कोणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अन्सारी लिहू लागले. सख्ख्या दोन भावांची आडनावे वेगळी, हे आमच्या समाजात नवल नाही.

परंतु धंदा बदलत नसे. मोमीन विणी, पिंजारी कापूस पिंजी, तांबोळी पाने विकी, बागवान फळभाजी, अत्तार अत्तर, मणियार बांगड्या. कागदावर नावापुढे जुलाहा, मोमीन, विणकर यांपैकी काहीही असू शकते. तेव्हा आडनावाच्या मागे न लागता बापाचे नाव, गाव आणि धंदा या तीन गोष्टी जुळवाव्यात. तिन्ही जुळल्या तर माणूस आपला समजावा. एकच जुळली तर घाई करू नये.

याच धंद्याला आज कायद्याच्या दृष्टीने मोल आहे. वर सांगितलेल्या बिरादऱ्यांपैकी मोमीन-अन्सारी, पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार या महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येतात. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरली जाते. तिच्या आधीपासूनचे वास्तव्य आणि जात दाखवणारा बापाच्या बाजूच्या नातलगाचा कागद लागतो. अडचण अशी की जुन्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात पुष्कळदा नुसते "मुसलमान" लिहिलेले असते. अशा वेळी हताश न होता दादांच्या भावांचे, चुलत भावांचे, त्यांच्या मुलांचे दाखले पाहावेत. एका भावाच्या दाखल्यावर मास्तरांनी "मुसलमान" लिहिले आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर "मोमीन" लिहिले, असेही घडलेले असते.

कोठे शोधावे?

पहिले ठिकाण शाळा. दादा ज्या शाळेत दोन-चार इयत्ता शिकले तेथील जनरल रजिस्टरातून प्रवेश-निर्गम उतारा मिळतो. दुसरे ठिकाण तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष. तेथे गावचा नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही असते. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. शहरात हेच काम नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात होते. तिसरे, जमिनीचे आणि घराचे कागद: जुना सातबारा, फेरफार, मराठवाड्यात खासरा पत्रक, शहरात सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका. यांतील बरेच कागद आता सरकारने संगणकावर आणले आहेत. चौथे ठिकाण काझींचे निकाहाचे दफ्तर. पाचवे, ज्या पेढीशी किंवा सावकाराशी व्यवहार होता तिच्या जुन्या चोपड्या. उचल कोणी घेतली, सूत कोणाच्या नावावर गेले, हे तेथे तारखेनिशी असते.

लिपीची तयारी ठेवावी. पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेशातील जुने कागद मोडीत आहेत, मराठवाड्यातील निजामकाळचे उर्दू आणि फारसीत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा हेच उर्दू, फारसी आणि मोडी कागद बाहेर काढावे लागले. ज्या कागदांत शेजाऱ्याचा पणजोबा सापडतो त्यांत आपलाही सापडू शकतो. घरात उर्दू वाचणारी मुले असतील तर हे काम त्यांना सांगावे.

सालाचीही गफलत होते. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, म्हणजे १३५८ फसली हे १९४८-४९. शकात ७८ मिळवावेत. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने तेथे अशी सरळ बेरीज चालत नाही, तक्ताच पाहावा लागतो. १३१८ हिजरी हे १९०० च्या मे महिन्यात सुरू झाले.

बायकांची नावे विसरू नका

शजरा लिहिताना बाप, बेटा, पोता अशी ओळ आपण उतरवतो आणि बायकांना वगळतो. यात नुकसान आपलेच आहे. काझींच्या दफ्तरात परदादीच्या नावासोबत तिच्या वडिलांचे नाव, गाव आणि मेहर लिहिलेला असतो. मूळ गावाचा धागा कित्येकदा तिच्याकडूनच सापडतो. धंद्यातही कांड्या भरण्याचे काम तिनेच केलेले असते, मग माग एकट्या परदादांचा कसा?

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हांस भाग आहे. जुने फेरफार काढले की दादांच्या बहिणींची नावे वारसांत आलीच नाहीत, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. शरीअतने मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा ठरवलेला आहे, शून्य ठरवलेला नाही. जो कागद आपल्या दाखल्यासाठी शोधला तोच कागद फुफीचा हक्कही दाखवीत असेल तर तो पुन्हा पेटीत ठेवून देऊ नये. तिच्या मुलांना बोलावून तो दाखवावा आणि हिशेब करावा.

सजवलेल्या शजऱ्यांपासून मात्र सावध राहावे. पैसे घेऊन थेट अरबस्तानापर्यंत किंवा एखाद्या नवाबापर्यंत नाते जोडून देणारे लोक भेटतात. शोध नेहमी स्वतःपासून मागे न्यावा, वरून खाली आणू नये. प्रत्येक पायरीला एक कागद किंवा दोन वेगवेगळ्या घरांतली एकच गोष्ट असावी. जेथे पुरावा संपेल तेथे ओळ थांबवावी. हातमागावर चौदा तास बसून घर चालवणारा पणजोबा सांगण्यात कसला कमीपणा? आज आपण ज्या गल्लीत दुकान मांडून बसलो आहोत ती गल्ली त्यानेच वसवली.

काम कोठून सुरू करावे, असे वाचक विचारतील. येत्या जुम्म्याला एक शंभर पानी वही घ्यावी आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे, विशेषतः फुफी आणि दादीकडे, तासभर बसावे. नावे, गावे, धंदे, कोणाचा निकाह कोणत्या घरात झाला आणि कोणाची कबर कोणत्या कब्रस्तानात आहे, एवढे उतरवून घ्यावे. जुन्या कागदांची छायाप्रत काढून प्रत्येक भावाच्या आणि बहिणीच्या घरी एकेक ठेवावी. कचेरीतील कागद आणखी काही वर्षे टिकतील, पण वडीलधाऱ्या माणसांचा भरवसा धरता येत नाही.