नणंदेसोबत चार पेले

आमच्या कळसमध्ये बिअर म्हटलं की बायकांच्या कपाळाला आठी पडते. पडणारच! दारूनं घर कसं मोडतं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. त्यामुळे पुण्याच्या धाकट्या नणंदेनं मला मायक्रोब्रुअरीत नेलं, हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. आता छापूनच आलं म्हणजे कळेलच.

देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, डूलाली, २००९ मध्ये पुण्यातच निघाली. नाव आपल्या नाशिकच्या देवळालीचं, गोऱ्या सोल्जरांच्या तोंडी बिघडलेलं! अशा ठिकाणी बिअर तिथल्याच टाक्यांत, थोडी थोडी बनते.

आम्ही चवीपुरते चार छोटे पेले मागवले. गव्हाची बिअर गढूळ, आणि वास चक्क केळ्याचा, लवंगेचा. गंमत म्हणजे यात ना केळं असतं, ना लवंग. सगळी करामत यीस्टची. इडलीचं पीठ आंबवणारीला हे लगेच पटेल. हॉप्स जास्त घातलेली कारल्यासारखी कडू, मला नाही बाई आवडली. काळी स्टाउट मात्र झकास, करपवून भाजलेल्या सातूमुळे थेट कॉफीची आठवण. सफरचंदाची सायडर सरबतासारखी लागते, म्हणूनच तिच्यापासून जपून. कुठलाच पेला मी संपवला नाही.

"वहिनी, आवडली ना? मग उद्या गावात दारूच्या दुकानाचं मतदान लागलं तर?"

"आडवी बाटली," मी म्हटलं.

ती हसली. मी मात्र खरंच सांगत होते.