मोहर्लीच्या ताटात काय वाढले आहे?

सकाळची सफारी आटोपून जिप्सी मोहर्लीच्या प्रवेशद्वारातून बाहेर पडतात, तेव्हा एप्रिलचे ऊन चांगलेच तापलेले असते. वाघ दिसो वा न दिसो, पोटात कावळे ओरडत असतातच. बरेच पर्यटक मग पनीर, नूडल्स आणि बाटलीबंद गोड पेयांकडे वळतात. या हवेत काय खावे, हे मात्र इथल्या घरांनी फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे.

उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उघड्या गाडीत फिरताना घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. त्यावर ज्वारीची आंबील हा साधा उपाय. पीठ रात्रभर पाण्यात भिजले की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागतात. सकाळी ते शिजवून त्यात ताक, मीठ, जिरे घालतात. आंबवल्याने धान्यातले फायटेट कमी होते आणि लोह अधिक चांगले शोषले जाते. जर्मनीत कोबी आंबवून साउअरक्राउट करतात, तेही याच प्रकारच्या जिवाणूंच्या जोरावर. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ बेतानेच घालून घ्यावे.

जेवणात ज्वारीची भाकरी, अंबाडीची आंबट भाजी आणि जवसाची चटणी मिळाली तर सोडू नये. ज्वारीत ग्लुटेन नसते आणि जवसातून ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले मिळतात.

पूर्व विदर्भात लाखोळीची डाळही खातात. तिच्याविषयी भीती आहे, ती निराधार नाही. तिच्यात मज्जातंतूंना घातक ठरणारे एक द्रव्य असते. दुष्काळात महिनोन्‌महिने केवळ हीच डाळ खाणाऱ्यांचे पाय लुळे पडल्याची उदाहरणे आहेत. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर निर्बंध आले, ते त्यामुळेच. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले की हे द्रव्य बरेच कमी होते. मिश्र आहारात एखाद्या वेळी खाल्लेल्या वरणाने हा आजार होत नाही.

आणि मोह! वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. म्हणून त्याचा लाडू मनुकांसारखा गोड लागतो. मधुमेहींनी चवीपुरताच खावा. मोहाच्या दारूचा मोह मात्र टाळावा. घरगुती दारूची तीव्रता ठाऊक नसते आणि मद्याने लघवी वाढून उन्हात शरीर आणखी कोरडे पडते. शेजारच्या गडचिरोलीत तर १९९३ पासून दारूबंदी आहे.

मोहफुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती वेचायला बायामाणसे उजाडण्यापूर्वीच जंगलात शिरतात. ज्या वाघाला पाहायला पर्यटक गाडीत बसून येतात, त्याच्याच वाटेवर त्या ओणव्याने फुले वेचत असतात. या हंगामात जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावतात, ती बहुधा अशाच वेळी. मोहर्लीत मोहाचा लाडू विकत घेणाऱ्याने दोन रुपयांसाठी घासाघीस न करणे, एवढे तरी त्या श्रमाला देणे लागते.