आपला कोणी आहे का?

आमच्या बॅचमधल्या कुणाचा निरोप आला की त्यात ख्यालीखुशाली नसते. ‘मास्टर, केमिकल टँकर, ह्यूस्टन अँकरेज. रिलीव्हर डिसेंबरात.’ संपलं. एकदा बायकोला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘‘हा माणूस आहे की पार्सल?’’ पण आम्हाला त्या एका ओळीत पुष्कळ दिसतं. केमिकल टँकर म्हणजे टाक्या धुवून घेण्यात झोपेचं खोबरं. ह्यूस्टन म्हणजे लागोपाठ तपासण्या. आणि बदली येणारा रिलीव्हर डिसेंबरात म्हणजे तो डिसेंबरात येईलच असं नाही. मुलीची बारावीची प्रिलिम जानेवारीत, तेव्हा बाप घरी असेल की नाही, हे कंपनीलाही ठाऊक नसतं.

मी मुंबईच्या बंदरात पायलट आहे. विमानाचा नव्हे. बाहेरून आलेल्या मोठ्या जहाजाला इथल्या खडकांची, गाळाची, भरती-ओहोटीची नाडी माहीत नसते. म्हणून स्थानिक माणूस लाँचमधून जाऊन वर चढतो आणि जहाज धक्क्याला लावून देतो. त्याआधी बरीच वर्षं बोटीवर होतो, शेवटची काही कॅप्टन म्हणून. शिक्षण नेरूळच्या टीएस चाणक्यमध्ये, नव्वदच्या दशकात.

टीएस म्हणजे ट्रेनिंग शिप. चाणक्य मात्र पाण्यावर नाही. पूर्वी खरंच जहाज असायचं. 1927 साली ‘डफरिन’ माझगावसमोर नांगरून तिच्यावर मुलांना शिकवायला सुरुवात झाली, 1972 मध्ये तिची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि 1993 मध्ये सगळा कारभार करावे गावाजवळ खाडीकाठी जमिनीवर आला. आज ही संस्था इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचा भाग आहे. आमच्या वेळी तिथे पाम बीच रस्ता नव्हता. चिखल होता आणि डास होते. आता त्याच पाणथळ जागेवर लोक दुर्बिणी घेऊन फ्लेमिंगो बघायला येतात. तेव्हा फ्लेमिंगो होते की नाही कुणास ठाऊक. पहाटे पीटीला पळणाऱ्याला पक्षी दिसत नाहीत.

देशभरातली मुलं होती. कोल्हापूर, डेहराडून, पाटणा, कोट्टायम. तीन वर्षं एकत्र काढून सगळे एकाच पायरीवर उभे राहिलो: डेक कॅडेट. तिथून थर्ड मेट, सेकंड मेट, चीफ मेट, मास्टर, म्हणजे कॅप्टन. यातल्या काही पायऱ्यांआधी समुद्रावर ठरावीक काळ काढायचा आणि मग सरकारी परीक्षा देऊन ‘तिकीट’ मिळवायचं. त्यातली तोंडी परीक्षा म्हणजे ऑरल्स. परीक्षक टेबलावर लहानशी लाकडी जहाजं मांडतो, दिवे सांगतो आणि विचारतो, ‘‘तू इथे आहेस. काय करशील?’’ टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम शब्दन्‌शब्द पाठ लागतात, आणि चुकीच्या बाजूला वळलास तर महिनाभराची तयारी दोन मिनिटांत पाण्यात. मग बाहेर आलेला पोरगा कॉरिडॉरमध्येच पुढच्याला सांगणार, आज कुठले सर बसलेत आणि काय विचारतायत. एकमेकांना बातमी पुरवायची सवय आम्हाला तिथे लागली. बॅचमधल्या गप्पा कामाच्या असतात, त्या अशा.

लोकांना वाटतं, जहाजावरची माणसं म्हणजे एक कुटुंब होत असेल. होतं, चार-सहा महिन्यांपुरतं. वीस-पंचवीस माणसं, त्यांत फिलिपिनो, युक्रेनियन, चिनी, आपले. रोज तिन्ही वेळा एका टेबलावर जेवलेला माणूस साइन ऑफ करून विमानतळावर ‘बाय’ म्हणतो आणि जन्मात पुन्हा दिसत नाही. पुढचं जहाज नवं, माणसं नवी. किनाऱ्यावरच्याला ऑफिस असतं, शेजार असतो, गल्लीतला गणपती असतो. आमचे निम्मे गणपती पॅसिफिकमध्ये गेले. सोसायटीच्या सभेत वॉचमन आम्हाला पाहुणा समजतो. अशा माणसाची कायमची ओळख सांगू शकणारे दोनच: घरचे आणि बॅच. घरच्यांना सगळं सांगता येत नाही.

पूर्वी ही ओळख टिकवायला कष्ट पडत. पत्र कंपनीच्या पत्त्यावर टाकायचं, ते पुढच्या बंदरातल्या एजंटकडे जायचं आणि तोवर जहाज दुसरीकडे वळलेलं असायचं. सिंगापूरला उतरलं की आधी फोन कार्ड. दहा मिनिटं घरी, उरलेली दोन एखाद्या बॅचमेटच्या आईला, ‘‘काकू, तो कुठेय सध्या?’’ आता जहाजावर उपग्रहाचं इंटरनेट आहे. आमच्यातले काही जुन्या पत्रांच्या आठवणी काढून गहिवरतात. मला तसलं काही वाटत नाही. एखाद्या जहाजावर पाणी खराब आहे, पगार तीन महिने थकलाय, हे त्याच दिवशी कळतं आणि युनियनचा नंबर त्याच दिवशी पाठवता येतो. पत्राने हे झालं नसतं.

तरी सगळं पडद्यावर येत नाही. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. प्रॉन्ग्जच्या दीपगृहाच्या बाहेर, रात्री साडेअकराच्या सुमारास एक कंटेनर जहाज घ्यायला गेलो. लाँच वरखाली होत होती. पाण्यापासून डेक नऊ मीटरपेक्षा उंच असेल तर दोरीच्या शिडीच्या जोडीला बाजूची तिरकी शिडी लावावी लागते, तशी ती लावलेली होती. लाँच लाटेवर वर आली की शिडी धरायची आणि लगेच चढायचं. थांबलं तर लाँच पुढच्या लाटेबरोबर पाय चेपते. वर गेलो, लिफ्टने ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, पोचलो. ब्रिज अंधारा असतो, रात्री बाहेरचं दिसावं म्हणून. अंधारातून आवाज आला, ‘‘गुड ईव्हनिंग, मिस्टर पायलट.’’ कोल्हापूरचा आमचा! आवाजातला रांगडेपणा इंग्रजीतही लपत नाही.

ज्युनिअर अधिकारी समोर असताना मिठ्या मारत नाहीत. मीही ‘‘गुड ईव्हनिंग, कॅप्टन’’ म्हटलं. त्याने पायलट कार्ड पुढे केलं: ड्राफ्ट किती, इंजिन कसं, बो थ्रस्टर चालतोय ना. मी माझा बेत सांगितला: टग कुठे घेणार, कुठल्या बाजूने लावणार. मग चॅनलला लागलो आणि आमच्या गप्पा सुकाणूच्या हुकमांच्या फटीतून सुरू झाल्या.

‘‘स्टारबोर्ड टेन.’’

‘‘स्टारबोर्ड टेन, सर,’’ सुकाणूवरचा फिलिपिनो.

‘‘आई काय म्हणतात रे?’’

‘‘गेली. मार्चमध्ये. मी ब्राझीलला होतो.’’

‘‘मिडशिप्स... स्टेडी.’’

त्याच मार्चमध्ये त्याचा निरोप आलेला मला आठवत होता. हुद्दा, जहाज, सँतोस. आईबद्दल अक्षर नाही. त्यावर कुणीतरी अंगठा टाकला होता. मीच असेन कदाचित. मी विचारलं, ‘‘सांगितलं का नाहीस?’’ तर म्हणाला, ‘‘लोडिंग चालू होतं. आणि सांगून तुम्ही काय मला विमानात बसवणार होता?’’ खरं होतं. रिलीव्हर यायला आठवडा, सँतोसहून मुंबईला यायला दीड दिवस, तिथून कोल्हापूर. भावाने सगळं केलं.

घारापुरी जवळ आली. न्हावा शेव्याच्या दिव्यांनी ब्रिजवर उजेड आला तेव्हा त्याचे पांढरे केस दिसले. जहाज लावलं, दोर बांधले, त्याने माझ्या चिठ्ठीवर सही केली. धक्क्यावरून पनवेलला जायचं आणि रात्रीची कोल्हापूरची गाडी पकडायची, इतकं घर जवळ. पण कंटेनर जहाज इथे एक दिवससुद्धा थांबत नाही आणि कॅप्टनला सोडता येत नाही. त्याला विचारून मी दुसऱ्या दिवशी बॅचला कळवलं. पुण्यातले दोघं त्याच रविवारी त्याच्या घरी जाऊन आले. वहिनींनी म्हणे त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

याउलट काही बातम्या आमच्याआधी टीव्हीवर येतात. 23 मार्च 2021 ला ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात आडवं झालं. जग तेव्हा विनोद पाठवत होतं. त्यावरचे 25 च्या 25 खलाशी भारतीय आहेत असं कळलं आणि आमच्यात एकच प्रश्न फिरायला लागला: आपला कोणी आहे का? 26 मार्च 2024 ला बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ची वीज गेली आणि जहाज पुलाच्या खांबावर गेलं, तेव्हाही तेच, त्यावरही बहुतेक आपलेच. पुलावर काम करणारे सहा मजूर त्यात गेले. जहाजावरून धोक्याचा निरोप वेळेवर गेला म्हणून पोलिसांना पुलावरची वाहनं थांबवता आली. तो व्हिडिओ बघताना बाकीच्यांना पूल दिसत होता. मला ब्रिजवरचा पायलट दिसत होता. वीज गेल्यावर त्याच्या हातात नांगर, टगला हाक आणि रेडिओ, एवढंच उरतं.

सगळ्यात लांबलेली हजेरी कोविडमधली. बंदरं बंद, विमानं बंद, क्रू बदलता येईना. 2020 च्या अखेरीला जगभरात चारेक लाख खलाशी करार संपूनही जहाजावर अडकले होते. ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन गेलेली ‘जग आनंद’ आणि ‘अनास्तासिया’ तर चीनच्या किनाऱ्याबाहेर महिनोन्‌महिने नांगरून पडली. चीन माल उतरवून घेईना, माणसांना उतरू देईना. आमच्यातला केरळचा एक कुठल्याशा टँकरवर वर्षाच्या वर होता. सिंगापूरच्या ऑफिसातला एक बॅचमेट त्याच्यासाठी रोज उड्डाणांची यादी चाळायचा. दोघांची कॉलेजात बोलाचाल नव्हती.

आता आम्ही पन्नाशीला टेकलो आणि बातम्यांचा नूर बदललाय. दोन वर्षांपूर्वी एकजण जहाजावरच हृदयविकाराने गेला. किनारा चार दिवसांवर होता. अशा वेळी देह अन्नधान्याच्या कोल्ड रूममध्ये ठेवावा लागतो. त्यासाठी एक खोली रिकामी करतात. पुढचं बंदर, तिथला मृत्यूचा दाखला, दूतावासाचं पत्र, विमानाचा कार्गो. हे मुंबईतल्या चौघांनी वाटून घेतलं. खरी अडचण नंतर निघाली. बऱ्याच कागदांवर वारस म्हणून अजून त्याच्या आईचंच नाव होतं, कारण ते फॉर्म त्याने लग्नाआधी भरले होते आणि बोटीवरचा माणूस सुट्टीत फॉर्म बघत नाही. भरपाई मिळाली, पण वहिनींना हेलपाटे फार पडले. त्यानंतर डेहराडूनचा आमचा सरदार दर एक जानेवारीला सगळ्यांना दमात घेतो: नॉमिनीचा कागद बघितलास का, फोटो पाठव. शुभेच्छा त्याखाली असतात.

किनाऱ्यावर आलेल्यांचं थोडक्यात: दुबई-सिंगापुरात सुपरिंटेंडंट, कोचीत सर्व्हेयर, दोघं खासगी कॉलेजांत शिकवतात, एक व्हँकुव्हरला. चिपळूणच्या एकाने बोट सोडून आंबा धरला. तो एप्रिलमध्ये भाव कळवतो आणि आम्ही घासाघीस करतो. जे अजून समुद्रावर आहेत त्यांचे मार्चअखेर फोन येतात, सीडीसीवरच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीतल्या, साइन ऑन-साइन ऑफच्या तारखा हातात घेऊन. वर्षात भारतात 182 दिवस भरले की अनिवासी भारतीयाची करसवलत जाते, म्हणून एरवी घरी यायला तळमळणारा माणूस मार्चमध्ये आणखी आठ दिवस बाहेर काढता येतील का विचारतो.

आणि गावाकडचे फोन. भाच्याला, पुतण्याला कुणी बोटीवर लावतो म्हणालंय, चार लाख मागतोय. आमचं उत्तर ठरलेलं: आरपीएसएल, म्हणजे भरती एजंटच्या परवान्याचा, नंबर विचारा, डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर तपासा, नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस चोर समजा. तरी दरवर्षी कुणीतरी फसतंच.

गेल्या जूनमध्ये बॅचमध्ये चांगलीच जुंपली. एकाच्या मुलीने मर्चंट नेव्हीची प्रवेश परीक्षा दिली आणि तिला जागा मिळाली. निम्म्यांचं म्हणणं, आपण भोगलं ते पुरे, पोरीला कशाला? जगातल्या खलाशांत बायका सव्वा टक्क्याच्या आसपास, असा 2021 चा अहवाल कुणीतरी टाकला. मी राधिका मेनन यांचं नाव घेतलं. रेडिओ ऑफिसर म्हणून सुरुवात करून त्या कॅप्टन झाल्या, 2015 मध्ये खवळलेल्या बंगालच्या उपसागरात बुडत्या होडीतले सात मच्छीमार वाचवले आणि त्याबद्दल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं शौर्यपदक मिळवलं. यावर पाटण्याचा म्हणाला, ‘‘पदक ठीक है, नींद का क्या?’’

ती मुलगी बापाबरोबर माझ्याकडे आली होती. तिने वादळाबद्दल काही विचारलं नाही. ‘‘काका, पायलटची शिडी नीट बांधलीय हे कॅडेटने कसं तपासायचं?’’ मी तासभर सांगितलं: दोर झिजलाय का, पायऱ्या आडव्या आहेत का, खालच्या चार रबराच्या आहेत ना, वर बांधलीय ती डेकच्या मजबूत जागेला की रेलिंगला. ती वहीत चित्र काढून घेत होती. माझ्या पोटापाण्याचाच प्रश्न असल्याने मी जरा जास्तच रंगलो.

तेवढ्यात बापाने मला गॅलरीत बोलावलं. मला वाटलं, पोरीला परावृत्त कर म्हणेल. तो दार लोटून घेत हळूच म्हणाला, ‘‘तुमच्याकडे पायलटच्या जागा निघतात का रे अधूनमधून?’’

म्हटलं, ‘‘निघतात. पण आधी जाहिरातीतली वयाची अट वाच.’’