परदेशांतील स्वस्ताई आणि घरचा हिशेब

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं आपल्या वृद्ध मातोश्रींसाठीं टोकियोहून भात शिजविण्याचें विजेचें भांडें आणलें. किंमत येथल्यापेक्षां पुष्कळच कमी. घरांत मोठें कौतुक झालें. पण बटण दाबल्यावर थोड्याच वेळांत धूर निघाला आणि भांडें कायमचें निकामी झालें. जपानांत घरगुती विजेचा दाब 100 व्होल्ट, आपल्याकडे 230. दाब 2.3 पट झाला कीं तापणाऱ्या तारेंतील उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे पांचपटीहून अधिक, वाढूं पाहते. स्वस्त वस्तु अशी महाग पडली.

तात्पर्य हें कीं, परदेशी दुकानांतील चिठ्ठीवरचा आंकडा म्हणजे किंमत नव्हे. वस्तु आपल्या घरीं नीट चालूं लागेपर्यंत जो खर्च होतो, तीच तिची खरी किंमत.

प्रथम कराचा विचार करूं. अमेरिकेंत चिठ्ठीवरील आंकड्यांत विक्रीकर सामान्यतः धरलेला नसतो. 1,000 डॉलरांचा संगणक न्यूयॉर्क शहरांत शेकडा 8.875 कर धरून 1,088.75 डॉलरांस पडतो. ओरेगॉन राज्यांतील पोर्टलंड येथें तो 1,000 डॉलरांतच मिळतो, कारण त्या राज्यांत विक्रीकर नाहीं. जपानांत रीत उलट आहे. तेथें 2021 च्या एप्रिलपासून किंमत कर मिळवूनच दाखवावी लागते, आणि परदेशी प्रवाशांस विहित अटींवर त्या करांतून सूट मिळते. तेव्हां अशा दोन चिठ्ठ्या शेजारीं ठेवून तुलना करणें म्हणजे सोललेला नारळ आणि न सोललेला नारळ एकाच तराजूंत तोलणें होय.

दुसरी बाब चलनाची. वर्तमानपत्रांतील विनिमयदर हा आपला दर नव्हे; बहुधा बँक आपला आकार त्यावर चढविते. दुकानदार “रक्कम रुपयांत घेऊं का?” असें विचारील, तर विनयानें नकार देऊन कार्डानें तेथील चलनांतच पैसे द्यावे. रुपयांत मांडतांना लावलेला दर बहुधा आपल्या तोट्याचा असतो.

तिसरी बाब जकातीची. 18 वर्षांवरील प्रवाशास एक लॅपटॉप जकातीवांचून भारतांत आणतां येतो. परंतु सपाट पडद्याच्या दूरचित्रवाणी संचाची मोकळीक 2013 च्या ऑगस्टांत काढून घेण्यांत आली. हे नियम व त्यांतील मर्यादा बदलत असतात. निघण्यापूर्वीं सरकारी पत्रक पाहावें.

शेवटीं दोन प्रश्न दुकानांतच विचारावे. हमीपत्र आपल्या देशांत चालेल काय? आणि यंत्रावर “100 ते 240 व्होल्ट” असें छापलेलें आहे काय? हा सारा हिशेब कागदावर मांडून मगच घरच्या बाजारभावाशीं ताडून पाहावा. कित्येकदां फायदा खराच निघतो. कित्येकदां ओझें तेवढें पदरीं पडतें.

त्या मातोश्री आजहि पितळी पातेल्यांतच भात शिजवितात.