हाइसमनच्या मतपत्रिकेवरची तीन नावं
(अमेरिकी फुटबॉलची ओळख : भाग 7)

मागच्या भागात आपण संघातल्या अकरा जागा आणि त्यांची कामं पाहिली. ती नावं आज हाताशी असू द्या. कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मानाचा वैयक्तिक पुरस्कार कुणाकडे जाणार, याचा अर्धा निकाल खेळाडू कुठल्या जागेवर खेळतो तिथेच लागतो.

हा पुरस्कार म्हणजे हाइसमन ट्रॉफी. न्यूयॉर्कच्या डाउनटाउन ॲथलेटिक क्लबने 1935 साली तो पहिल्यांदा शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरला दिला. पुढच्या वर्षी क्लबचे क्रीडा संचालक जॉन हाइसमन वारले आणि पुरस्काराला त्यांचं नाव मिळालं. एका काखेत चेंडू आणि दुसरा हात अडवणाऱ्याला दूर लोटण्यासाठी पुढे ताणलेला, अशी ती ब्राँझची मूर्ती आहे. विजेता मतदानाने ठरतो. देशाचे सहा विभाग आणि प्रत्येकातून 145 क्रीडा पत्रकार, अशी 870 मतं. त्यांत हयात माजी विजेत्यांची भर, आणि सगळ्या चाहत्यांचं मिळून एक मत. मतपत्रिकेवर तीन नावं लिहायची. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1.

2000 ते 2023 या चोवीस वर्षांत वीस वेळा हा मान क्वार्टरबॅकला मिळाला. त्याचं कारण उघड आहे. आक्रमणाचा जवळजवळ प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो आणि पासचा प्रत्येक यार्ड त्याच्या नावावर मांडला जातो. जो बरोचं उदाहरण घ्या. ओहायो स्टेटमध्ये त्याला फारशी संधी मिळाली नाही, म्हणून तो लुइझियाना स्टेटकडे गेला. तिथला पहिला हंगाम बेताचाच होता. 2019 मध्ये मात्र त्याने 60 टचडाउन पास फेकले, संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकला आणि मतमोजणीत त्याच्या आसपासही कुणी नव्हतं. आकडे, विजय आणि नावाजलेला संघ अशा तिन्ही गोष्टी जुळून आल्या की वादाला जागा राहत नाही.

त्या जुळल्या नाहीत तर कशाचं पारडं जड ठरतं? 1956 चा निकाल मला आजही खटकतो. त्या वर्षी नोत्र दामचा पॉल हॉर्नंग जिंकला, तोही संघ दोन सामने जिंकून आठ हरलेला असताना. हरणाऱ्या संघातला तो आजवरचा एकमेव विजेता. सिराक्यूजचा जिम ब्राऊन, ज्याला पुढे कित्येक जाणकारांनी सर्वकाळचा सर्वोत्तम रनिंग बॅक मानलं, तो पाचवा आला. नोत्र दामचं नाव देशभर घरोघरी पोहोचलेलं होतं, हे एक कारण. ब्राऊन कृष्णवर्णीय होता, आणि तोवर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला हाइसमन मिळालेली नव्हती, हेही नजरेआड करता येत नाही. ती कोंडी 1961 मध्ये सिराक्यूजच्याच एर्नी डेव्हिसने फोडली.

दावेदार व्हायचं तर आधी मतदारांच्या नजरेत भरावं लागतं. 2015 मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन मॅकॅफ्रीने धावणं, झेलणं आणि किक परतवणं मिळून एका हंगामातल्या सर्वाधिक यार्डांचा बॅरी सँडर्सचा 1988 पासूनचा विक्रम मोडला. तरीही तो अलाबामाच्या डेरिक हेन्रीच्या मागे दुसरा राहिला. स्टॅनफर्ड ज्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, तिथे संध्याकाळी साडेसातला सामना सुरू होतो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. मतदार जागाच नसेल तर तो पाहणार काय? ही अडचण ओळखूनच ओरेगन विद्यापीठाने 2001 मध्ये आपल्या जोई हॅरिंग्टनचं दहा मजली चित्र न्यूयॉर्कमध्ये झळकावलं होतं. विद्यापीठाने अडीच लाख डॉलर खर्चले, तो चौथा आला.

जाहिरातीपेक्षा एखादा क्षण जास्त काम करतो. 23 नोव्हेंबर 1991 रोजी ॲन आर्बरच्या मैदानात मिशिगनपुढे जुना वैरी ओहायो स्टेट होता. मिशिगनच्या डेसमंड हॉवर्डने पंट (समोरच्या संघाने लाथेने लांब मारलेला चेंडू) झेलला तो आपल्या गोलरेषेपासून अवघ्या सात यार्डांवर. झेपावणाऱ्यांतून वाट काढत तो बाहेर निसटला आणि थेट 93 यार्ड धावला. टचडाउन होताच एक पाय उचलून, हात पुढे ताणून त्याने हुबेहूब त्या मूर्तीची पोझ घेतली. मतदान अजून व्हायचं होतं, पण त्यानंतर दुसरं कुणी जिंकेल असं फारसं कुणाला वाटलं नाही.

मतदान संपतं डिसेंबरच्या सुरुवातीला, सर्वांत मोठे सामने त्यानंतर होतात. 2005 मध्ये टेक्ससचा व्हिन्स यंग मतदानात रेजी बुशच्या मागे पडला. काही आठवड्यांनी रोज बोलमध्ये त्याने धावून 200 आणि पासने 267 यार्ड मिळवत बुशच्याच संघाला 41-38 असं हरवलं. तोवर मूर्ती देऊन झाली होती.

सगळ्यांत मोठा अन्याय होतो तो लाइनमनवर. कबड्डीत पकडीचा गुण पकड करणाऱ्याच्या नावावर लागतो, साखळी घट्ट धरून चढाईपटूची वाट बंद करणाऱ्याच्या खात्यात काहीच जमा होत नाही. लाइनमनचंही तसंच आहे. रनिंग बॅकला मोकळी वाट मिळते ती त्यांनी समोरच्यांना बाजूला रेटलेलं असतं म्हणून, पण मोजायला त्यांच्या नावावर काही उरत नाही. म्हणूनच ओहायो स्टेटचा आक्रमक लाइनमन जॉन हिक्स 1973 मध्ये दुसरा आला ही मला विजयाइतकीच मोठी गोष्ट वाटते. बचावपटूंची गत फार वेगळी नाही. 2009 मध्ये नेब्रास्काच्या एन्डामुकाँग सूने टेक्ससच्या कोल्ट मकॉयला एकाच सामन्यात साडेचार वेळा पास फेकण्याआधीच लोळवलं (अर्धं श्रेय साथीदाराबरोबर वाटलेलं). मतपत्रिकांवर मकॉय तिसरा आला आणि सू चौथा.

मग बचावपटू जिंकतो तरी कसा? मिशिगनच्या चार्ल्स वुडसनने 1997 मध्ये क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगला मागे टाकलं, पण तो पंट परतवायचा आणि अधूनमधून आक्रमणातही उतरायचा. 2024 मध्ये कोलोराडोचा ट्रॅव्हिस हंटर दोन्ही बाजूंनी पूर्णवेळ खेळला. रिसीव्हर म्हणून 96 झेल आणि 15 टचडाउन, शिवाय बचावात प्रतिस्पर्ध्यांचे 4 पास हिसकावले. 2,601 यार्ड धावलेल्या बॉइसी स्टेटच्या ॲश्टन जेंटीला त्याने 214 गुणांनी मागे टाकलं. माझं मतही हंटरलाच गेलं असतं. इतर खेळाडू जेव्हा बाकावर बसून श्वास घेत असतात, तेव्हा हा पुन्हा मैदानात असायचा. मात्र आक्रमणात किंवा किक परतवताना चेंडू कधीच हाती न घेता, निव्वळ बचावाच्या बळावर हाइसमन जिंकलेला खेळाडू अजून झालेला नाही.

(पुढच्या भागात : कॉलेजमधून व्यावसायिक संघात नेणारा ड्राफ्ट)